करंगळीने मारलेली हाक

रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते आणि आम्ही पंधरा-सोळा जण नदीकाठच्या अंधारात एका बहिऱ्या मुलाला मोठमोठ्याने हाका मारत होतो.

आता हे वाक्य लिहिताना ओशाळल्यासारखं होतं. तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकाने तोंडाशी दोन्ही हातांचा कर्णा केला होता, दुसरा शिट्टी फुंकत होता. आणि मी, जिने या मुलाला तो सहा वर्षांचा असल्यापासून पाहिलंय, त्याला जन्मापासून ऐकू येत नाही हे जिला पक्कं ठाऊक आहे, तीही घसा ताणून त्याच्या नावाने ओरडत होते. हाक मारून झाली की सगळे क्षणभर गप्प व्हायचे. कानोसा घ्यायचे. ओ येते का म्हणून.

त्याची आईसुद्धा ओरडत होती. एकोणीस वर्षांत जिच्या हाकेला एकदाही ओ आलेली नाही, ती बाई.

माणूस हरवला की त्याला शोधायचं कसं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. ते भाषेतूनच अंगात मुरलेलं असतं. जवळचा असतो तो हाकेच्या अंतरावर असतो. गरजेला येतो तो हाकेला धावून येतो. पूर्वी दवंडी पिटायचे, आता लाउडस्पीकरवरून पुकारा करतात, पण कल्पना तीच: आपण आवाज सोडायचा आणि त्या आवाजाचं टोक धरून माणसाने परत यायचं. न येणारा एकतर लांब गेलेला असतो, नाहीतर त्याला काही झालेलं असतं. तिसरी शक्यता आपल्या डोक्यात शिरतच नाही. तो पन्नास पावलांवर आपल्याकडे पाठ करून बसलेला असेल आणि त्याला काहीही झालेलं नसेल, ही ती शक्यता.

झालं होतं एवढंच, की तो दुपारी चारच्या सुमारास घरातून निघाला. सहापर्यंत त्याच्या फोनवर मेसेज पोचत होते, मग बंद झाले. आठ वाजता काकूंचा मला फोन आला. त्याची आई म्हणजे माझ्या काकू. नात्याने नव्हे, शेजाराने. "अगं, तुझ्याकडे आलाय का तो?" आवाजावरूनच कळलं की हा प्रश्न त्यांनी आधी दहा घरी विचारून झालाय.

पोलिसांकडे काका लगेच गेले, ते बरं झालं. बेपत्ता माणसाची तक्रार चोवीस तास उलटल्याशिवाय घेत नाहीत, अशी एक समजूत लोकांच्या डोक्यात घट्ट बसली आहे. कितीतरी देशांत असा नियमच नाही, आणि पहिले तास तर सगळ्यात मोलाचे. तक्रार लिहून घेणारा माणूस सभ्य होता. उंची, रंग, बांधा, अंगावरचे कपडे, सगळं नीट विचारत गेला. मग म्हणाला, "भाषा?" काका अडखळले. घरची भाषा सांगावी तर मुलगा ती बोलत नाही. तो जी बोलतो ती काकांना फारशी येत नाही, आणि तिला भाषा म्हणावं की नाही याचीही त्यांना खात्री नव्हती. "त्याला बोलता येत नाही," ते म्हणाले. रकान्यात एक आडवी रेघ आली.

त्या आडव्या रेघेवर मी नंतर फार विचार केला. पण त्या रात्री तिच्यावर बोट ठेवलं ते त्याच्या मित्रमंडळींनी.

ते पाच जण दहाच्या सुमारास दुचाक्यांवरून आले. चार बहिरे आणि एक चौदा वर्षांचा ऐकणारा मुलगा. त्याचे आई-वडील दोघंही बहिरे, त्यामुळे खुणांची भाषा ही त्याची खरोखरच मातृभाषा. झोपेतून उठवून आणलेला. दुभाष्याचं काम तो शाळेतल्या मुलाने रटाळ धडा वाचावा तशा सुरात करत होता, आणि त्या सुराने मला का कोण जाणे धीर आला.

तोवर आमचं पत्रक तयार होतं. फोटो, खाली ठळक अक्षरांत 'मूकबधिर', त्याखाली 'ऐकता व बोलता येत नाही'. त्यांच्यातल्या एका मुलीने ते हातात घेतलं, वाचलं, माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि 'मूक'वर काट मारली. मग 'व बोलता'वर. काकूंकडे बघून तिचे हात भराभर चालले. चौदा वर्षांचा म्हणाला, "ती म्हणते, तो बोलतो. खूप बोलतो. तुम्हाला समजत नाही."

पुढचा अर्धा तास मी नुसती बघत राहिले. त्यांनी विचारलेला एकही प्रश्न आमच्या डोक्यात आला नव्हता. घरातून निघताना फोनची बॅटरी किती होती? चार्जर घेतला होता का? शेवटचा व्हिडिओ कॉल कुणाला? वाचायला कसा आहे, म्हणजे बसवरची पाटी वाचतो की नुसता नंबर बघून चढतो? बॅटरीचं महत्त्व त्यांनी मला फोड करून सांगितलं. ऐकणाऱ्याचा फोन मेला तर तो शेजारच्या माणसाचा मागून घेतो आणि घरी सांगतो, मी इथे आहे. बहिऱ्याचा फोन मेला की त्याचे डोळे, त्याची पाटी, त्याचा दुभाष्या, सगळं एकदम जातं. अनोळखी माणसाकडे फोन मागायचा तरी कुठल्या तोंडाने?

मग त्यांनी व्हिडिओ केला. ती मुलगी दारातल्या दिव्याखाली उभी राहिली आणि एकदम थांबली. तिच्या अंगात फुलाफुलांचा कुडता होता. नक्षीच्या कापडावर हात नीट दिसत नाहीत. तिने माझ्या काळ्या शालीकडे बोट केलं, ती पुढून गुंडाळून घेतली आणि मग चाळीस सेकंदांत सगळं सांगितलं. त्या चाळीस सेकंदांत एक हालचाल तीनदा आली: करंगळी उजव्या भुवईवरून बाहेरच्या बाजूला ओढायची.

"हे काय?" मी विचारलं.

चौदा वर्षांच्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "त्याचं नाव."

त्याच्या उजव्या भुवईत एक जुना व्रण आहे, केस न उगवलेली बारीक फट. लहानपणी माझ्याच जिन्यावरून पडला होता तेव्हाची. त्यावरून शाळेतल्या मुलांनी त्याला हे नाव ठेवलं. बहिऱ्यांमध्ये अशी खुणेची नावं जगभर असतात. आपलं आपण घ्यायचं नसतं, मंडळींनी द्यायचं असतं. आपण तासभर नदीकाठी ज्या नावाने ओरडत होतो, ते त्याच्यासाठी कागदावरचं नाव. त्याचं हाक मारायचं नाव आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. काकूंनाही नाही. तेरा वर्षं शेजारी राहून मलाही नाही. आणि व्रण तर माझ्या जिन्याचा!

व्हिडिओ गेला. मिनिटाभरात कुणाकुणाच्या फोनचे दिवे लागायला लागले. बहिऱ्यांचं जग लहान असतं आणि त्याचे धागे घट्ट असतात, हे मी ऐकून होते. त्याचं कारण मात्र साधं आहे, बाकीच्या जगाने त्यांना फोनवर घेतलंच नाही. 1876 साली टेलिफोनचं पेटंट घेणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलची आई बहिरी, बायको बहिरी, पेशा बहिऱ्या मुलांना शिकवण्याचा, आणि त्याच्या यंत्राने जगातल्या सगळ्या बहिऱ्यांना दाराबाहेर ठेवलं. ते दार किलकिलं व्हायला 1964 उजाडलं. रॉबर्ट वाइटब्रेख्ट या बहिऱ्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टाइप केलेला मजकूर पाठवायची सोय केली तेव्हा. मधली नव्वद वर्षं निरोप माणसागणिक पायी चालत गेला. शाळा, क्लब, कुणाचं तरी घर. 1951 मध्ये रोमला जागतिक बधिर महासंघ उभा राहिला तो असल्याच गोतावळ्यांच्या जोरावर. आता फोनवर चेहरा आणि हात दोन्ही दिसतात, आणि निरोप पोचवायची सवय तर हाडात मुरलेलीच आहे.

आम्हालाही त्यांनी कामाला लावलं. ओरडू नका. टॉर्च त्याच्या तोंडावर मारू नका, त्याचे डोळे दिपले तर त्याला काहीच उरत नाही. टॉर्च स्वतःच्या चेहऱ्यावर आणि हातांवर धरा, म्हणजे कोण बोलावतंय ते त्याला दिसेल. लांबून बोलवायचं तर दिवा मोठ्या कमानीत हलवा. मागून जाऊन खांद्यावर हात टाकू नका. आणि शहाणपणा म्हणून तोंड वासून सावकाश शब्द उच्चारू नका. त्या मुलीने मला एक गंमत करून दाखवली. आवाज न काढता तीन शब्द नुसत्या ओठांनी म्हणाली आणि ओळखायला सांगितलं. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटले, सारखेच उघडले. पार, भार, मार. ओठ वाचणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. अंधारात कुणी "मार" म्हणालं की "पार" म्हणालं, हे ओळखण्यावर ज्याला पळायचं की थांबायचं ते ठरवायचं असतं, त्याने काय करावं?

पुढे काही दिवसांनी मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटले, तेव्हा एक हकिकत हाती लागली. ती अजून मनातून जात नाही. 1945 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या जॅक्सनव्हिल गावात पोलिसांना एका गल्लीत एक कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलगा भटकताना दिसला. बहिरा. त्याला काय विचारावं ते कुणाला कळेना, तो काय सांगतोय तेही कळेना. कागद दिला तर त्याने 'लुइस' अशी अक्षरं गिरवली. तेवढंच. न्यायालयाने त्याला मंदबुद्धी ठरवलं आणि त्याची रवानगी सरकारी संस्थेत झाली. तिथल्या नोंदवहीतला तो चोविसावा बेनाव माणूस, म्हणून त्याचं नाव पडलं जॉन डो नंबर 24. ओळख न पटलेल्या पुरुषाला तिकडे जॉन डोच म्हणतात. त्यानंतर तो जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं जगला, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत. म्हातारपणी दृष्टीही गेली. त्याला त्याच्या पूर्वायुष्याबद्दल विचारलं की हातवारे करून तो सर्कशीची मिरवणूक दाखवायचा, नाचगाण्याचे अड्डे दाखवायचा. 1993 मध्ये तो वारला. तो कोण, कुठला, हे तेव्हाही कुणाला सांगता आलं नाही.

मला खिळवून ठेवलं ते गावाच्या नावाने. जॅक्सनव्हिल. त्याच गावात राज्याची बहिऱ्या मुलांची शाळा होती. आजही आहे. 1846 पासून. तो गल्लीत सापडला तेव्हा त्या शाळेला शंभरच्या आसपास वर्षं होऊन गेलेली. खुणा वाचू शकणारी माणसं त्याच गावात राहत होती, हाकेच्या अंतरावर म्हणणार होते, पण राहू दे. अर्थात त्याला शाळेतली खुणांची भाषा येत असेल असं नाही. घरच्या, स्वतः घडवलेल्या खुणाच असतील. त्यातून त्या काळी वर्णभेद, एकट्या काळ्या मुलाची कोण पर्वा करतो. तरीही, एका संध्याकाळी कुणीतरी त्याच्यासमोर बसून त्याचे हात धीराने बघितले असते, तर निदान तो कुठल्या दिशेने आला एवढं तरी कळलं असतं का? हा प्रश्न मला सोडत नाही.

बहिऱ्यांच्या हातांना भाषा मानायची नाही, हे तर पंडितांनीच ठरवून टाकलं होतं. 1880 मध्ये मिलानला शिक्षकांची परिषद भरली, जवळजवळ सगळे ऐकणारे, आणि ठराव झाला की बहिऱ्या मुलांना तोंडी भाषेतच शिकवावं, खुणा बंद. पुढची कित्येक दशकं वर्गावर्गात मुलांचे हात धाकात राहिले. 1960 मध्ये विल्यम स्टोको या भाषाभ्यासकाने अमेरिकन खुणांच्या भाषेला स्वतःची रचना आहे, ती पुरती भाषा आहे, हे दाखवून दिलं, तेव्हा त्याला सहकाऱ्यांनीच वेड्यात काढलं होतं. म्हणजे काकांच्या मनातली ती शंका, हिला भाषा म्हणावं की नाही, ही एकट्या काकांची नव्हे.

आपल्याकडच्या वाचकांना गीता आठवत असेल. लहानपणी सीमेपलीकडे पाकिस्तानात पोचलेली ही बहिरी मुलगी तिथल्या एधी फाउंडेशन या सेवाभावी संस्थेने दशकाहून जास्त काळ सांभाळली, हे नावही तिथलंच, आणि 26 ऑक्टोबर 2015 ला ती भारतात परतली. विमानतळावरची ती गर्दी, कॅमेरे. आपल्यापैकी बहुतेकांच्या लेखी गोष्ट तिथे संपली. खरं तर तिथून सुरू झाली, कारण ती देशात आली होती, घरी नव्हे. पुढची काही वर्षं खुणांची भाषा जाणणारी माणसं तिच्यासमोर बसून होती. तिच्या हातांत नदी होती, देऊळ होतं, रेल्वे स्टेशन होतं. अशी गावं देशात किती असतील! पण ते हात वाचतवाचतच शोध मराठवाड्यापर्यंत पोचला.

आमचा मुलगा मात्र पहाटे पावणेपाचला सापडला.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बस डेपोत रात्रपाळीला बस धुणारा एक बहिरा माणूस आहे. चहाच्या सुट्टीत त्याने व्हिडिओ पाहिला. त्याला आठवलं की पलीकडच्या फलाटावर मघापासून एक पोरगा बसलाय. रखवालदाराने त्याला दोनदा हटकलं होतं. पोराने उत्तर दिलं नाही, उलट हाताने काहीतरी मागितल्यासारखं केलं, तेव्हा हा भीक मागतोय किंवा नशेत आहे असं समजून रखवालदाराने नाद सोडला. पोरगा चार्जर मागत होता. बस धुणारा जवळ गेला नाही. अंगणाच्या अलीकडूनच, दिव्याच्या खांबाखाली उभा राहून त्याने ओला हात पँटला पुसला आणि भुवईवरून करंगळी ओढली.

मुलाने आधी मागे वळून पाहिलं. मग हात वर केला.

हा प्रसंग मी पाहिलेला नाही, बस धुणाऱ्याने नंतर करून दाखवला. चार वेळा. दर वेळी ओला हात पँटला पुसायचं तो विसरला नाही.

घरी आणल्यावर जे झालं ते कुठल्याही घरात होतं तेच. काकू रडल्या, काका चिडले, शेजारी उपदेश करायला लागले. एकोणीस वर्षांच्या मुलाला सगळे पाच वर्षांच्या पोरासारखं बोलत होते. त्याने काय करावं? डोळे मिटले. ऐकणारा माणूस कान बंद करू शकत नाही, समोरच्याचं ऐकून घ्यावंच लागतं. बहिऱ्याला ही एक सवलत आहे. भांडण नकोसं झालं की डोळे मिटायचे. काकूंनी त्याचे खांदे हलवले तरी पापण्या उघडल्या नाहीत. उघडल्या त्या मित्रमंडळी आत आली तेव्हा. मग मात्र हात असे सुटले की चौदा वर्षांचा दुभाष्या मागे पडायला लागला.

"मी हरवलो नव्हतो. चुकीच्या बसमध्ये बसलो. फोन मेला. परतीची बस गेली. पहिली बस साडेपाचला आहे, तिने येणारच होतो. हा काय तमाशा केलाय?"

हिशोब त्याचा बरोबर होता. खरंच साडेपाचची बस होती.

पण निघालास कशाला, असं काकांनी विचारायला लावलं. त्याने जे सांगितलं ते इतकं किरकोळ होतं की दुभाष्याने पुन्हा विचारून खात्री केली. दुपारी घरात पाहुणे होते. गप्पा रंगल्या, सगळे पोट धरून हसायला लागले. त्याने आईला विचारलं, काय झालं? आई म्हणाली, नंतर सांगते. पुन्हा हशा. पुन्हा विचारलं. काही नाही रे, नंतर सांगते. तो उठला, चपला घातल्या आणि निघाला. जाताना कुणी विचारलंही नाही, कारण कुणाचं लक्षच नव्हतं.

'नंतर सांगते' ही खूण त्याने केली आणि खोलीतले चारही बहिरे एकदम हसले, कसनुसे. ती मुलगी तर नुसती मान हलवत राहिली. दर शंभर बहिऱ्या मुलांतली नव्वदहून जास्त ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. म्हणजे हे 'नंतर' त्या सगळ्यांनी घरोघरी खाल्लेलं असतं. खुणांच्या भाषा देशोदेशी वेगळ्या, पण हा अनुभव सगळीकडे इतका सारखा आहे की इंग्रजीत त्याला जेवणाच्या टेबलावरून एक नावच पडलंय. काकू त्या वेळी काही बोलल्या नाहीत. दुपारचा तो विनोद काय होता हे त्यांना आठवेना, हे त्यांनी मला आठवड्याने सांगितलं. पाहुण्यांना फोन करूनसुद्धा विचारलं म्हणे. त्यांनाही आठवेना.

शोध संपला तरी पत्रक संपलं नाही, हे मात्र आम्हा शहाण्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. हरवल्याचा मेसेज हजार जण पुढे ढकलतात. सापडल्याचा दहा जण. त्याचा फोटो, नाव, घरचा नंबर, सगळं अजून फिरतंय. गटागटांतून जातंय, महिन्याभराने पुन्हा उगवतंय, 'कृपया जास्तीत जास्त शेअर करा' सकट. मी स्वतः चाळीस ठिकाणी पाठवलं होतं. खोडून घ्यायला बसले तेव्हा सतरा ठिकाणीच जमलं. बहिऱ्या मंडळींनी त्यांचा व्हिडिओ सकाळी सहालाच उतरवला होता आणि त्या जागी दुसरा टाकला होता: तो स्वतः, डोळे झोपाळलेले, भुवईवरून करंगळी, आणि अंगठा वर.

परवा तो मला जिन्यात भेटला. आम्ही आता थोडंफार बोलतो. माझे हात अजून बोबडे आहेत, तो हसतो. त्याने सांगितलं, गेल्या चार महिन्यांत तिघांनी त्याला 'सापडवलं'. एका बाईंनी तर चालत्या बसमध्ये त्याचं मनगट धरून ठेवलं आणि घरी फोन लावला. म्हणून त्याने फोनमध्ये एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे, कुणी धरलं की दाखवायला. मला वाचायला दिली.

'मी सापडलेला आहे. हात सोडा. आईला फोन करू नका, तिला मेसेज केलेला वाचता येतो.'

त्याखाली एक ओळ नवीन होती.

'चार्जर आहे का?'